वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही

मंडळी, नमस्कार. आज मॅडमच्या शोकसभेला या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. डमडमहून, सॉल्ट लेकहून, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समधून तुम्ही आलात. मॅडमच्या विद्यापीठातली बंगाली मंडळीही मागे बसली आहेत. त्यांना माझं मराठी कळणार नाही, पण तेच म्हणाले, तू तुमच्याच भाषेत बोल. कागदावर लिहून आणलंय, तेच वाचते. सांभाळून घ्या.

डॉ. मालविका आठल्ये. तुमच्या मालविकाताई, माझ्या मॅडम. मी त्यांच्याकडे पीएच.डी. केली. बातम्या, मालिका, सिनेमे एका देशातून दुसऱ्या देशात जातात, तेव्हा बघणाऱ्यांच्या घरात त्यांचं काय होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. परदेशातली विद्यापीठं त्यांना मानानं बोलवायची. त्यांच्या पुस्तकातलं एक वाक्य आम्ही घोकायचो: गाव सोडलेला माणूस पडद्यावरून रोज घरी जाऊन येतो.

आणि त्यांचा एक नियम होता. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. मग गप्प बसायचं. समजावायचं नाही, पटवायचं नाही. समोरचा बोलेपर्यंत गप्प. वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही!

माझा प्रबंध तुमच्यावरच होता. कोलकात्यातली मराठी घरं आणि मराठी वाहिन्या. तुम्ही मला पोहे खाऊ घातलेत, तासन्‌तास बोललात. मी मॅडमचाच सिद्धांत तुमच्यावर बसवला. अगदी चपखल. आणि याच हॉलमध्ये, इथेच वाढलेल्या पोरीच्या मोडक्यातोडक्या मराठीत, तुम्हाला वाचून दाखवला. मग गप्प बसले. मॅडम शेजारी होत्या.

सोमणकाकू, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "छान लिहिलंयस गं. पण आम्ही बघतो कुठे? नातीच्या कानावर मराठी पडावं म्हणून मी आपला टीव्ही लावून ठेवते. त्यातून पुण्याला कोण जातंय? मी पोळ्या लाटत असते." मग एकेक जण हसत म्हणू लागला, आमच्याकडेही तसंच.

तुम्ही हसलात, माझा प्रबंध मात्र आडवा झाला. तो द्यायला महिना उरला होता. एका कॉलेजात नोकरी ठरत आली होती. मी मॅडमना म्हटलं, "एका काकूंच्या बोलण्यावरून सगळं बदलायचं?"

त्या म्हणाल्या, "एका कुठे? सगळा हॉल बोलला. आणि माझं पुस्तक या नियमाच्या आधीचं आहे. ते मी कुणालाच वाचून दाखवलं नव्हतं. चूक तिथून सुरू झालीय."

वर्षभर मी पुन्हा घरोघर फिरले. ती नोकरी गेली. मी चिडले होते. कितीतरी महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पुढे मॅडम परदेशातल्या एका परिषदेला गेल्या. त्यांच्याच सिद्धांतावर चर्चा होती. त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझं चुकलं. कोलकात्यात सोमण नावाच्या बाई पोळ्या लाटतात, त्यांनी ते दाखवून दिलं. किती प्राध्यापकांत असते ही हिंमत? तुम्ही सांगा.

माझ्या कागदावर पुढचं वाक्य होतं, 'मॅडमनी स्वतःचा सिद्धांत हसत हसत मोडला.' काल सकाळी मी हे सगळं काकांना, मॅडमच्या यजमानांना, वाचून दाखवलं. मग गप्प बसले. काका म्हणाले, "हसत हसत खोड. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. परिषदेला जातच नाही म्हणत होती. मग एकदम उठली आणि बॅग भरली."

मी खोडलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, सोसलं ते मीच. मॅडम, मला माफ करा. तुम्ही हे कधी बोललाही नाहीत.

मंडळी, माझं वाचून झालं. आता नियमाप्रमाणे गप्प बसायचं. उठू नका, बसल्या जागीच दोन मिनिटं शांत राहूया. मग माझं काही चुकलं असेल तर न संकोचता सांगा, मी खोडीन.

अशा वेळी त्या नेहमी माझ्या शेजारी बसलेल्या असायच्या. आज तुम्ही बसा.