माळढोकाचा आवाज

लोणारच्या मोटारस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होती.

"पंजाबभाऊ, सकाळच्या गाडीनं नाही गेले काऊन?"

"तो दुर्बीणवाला साहेब भेटला माळावर. माळढोक किती उरले, ते पाहून राह्यला. गावोगाव म्हाताऱ्यायले इचारते, शेवटचा कधी दिसला म्हनून."

"मंग?"

"म्या सांगतलं, आमच्या पोरीच्या लग्नाच्या साली."

"मानलं त्यानं?"

"नाही न. म्हने, करकोचा पाह्यला असान तुमी. माळढोक वरडते कसा, ते सांगा. मंग म्या आवाज काढला, पार माळाच्या त्या टोकाले जाईन असा."

"आता तं पटलं असान?"

"पटलं. पन काही लिहेच ना बाई तो. माळाकडं कान देऊन उभाच राह्यला."

"अन् तुमी?"

"मी बी. म्हनून तं गाडी गेली."