चिंधी बांधलेला दुधी

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात मी जळकोटच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते. मागच्या बाकड्यावर आमच्या गल्लीतल्या धोंडाबाई आणि त्यांची नवी सून आरती बोलत होत्या.

"बियासाठी राखलेला दुधी तू भाजीत घातलास, आरते! चिंधी दिसली न्हाई?"

"दिसली की. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधलीया."

"दुधीला कोण नजर लावतंय? इतका देखणा हाय का त्यो?"

"तुम्हीच रोज त्याच्यावरून हात फिरवत होता, आत्या."

"माझ्या आईकडचं बी होतं ते. पन्नास वरसं मोडू दिलं न्हाई."

"भाजी तर दोनदा घेतली तुम्ही."

"तवा ठाऊक न्हवतं. गोड लई होती, ते बी खरं."

"वेल अजून हिरवा हाय. न्हाणीचं पाणी घालतीया मी रोज."

"एवढ्या उन्हात आता काय धरतंय?"

"धरलंय. शेंडा लिंबावर चढलाय. तिथं पानाआड अंगठ्याएवढा एक हाय."

"खरं सांगतीस?"

"सकाळीच चिंधी बांधली त्याच्या देठाला. तुमच्या जुन्या लुगड्याची."

"कोणत्या?"

"हिरव्या."

"अगं, ते नेसायला ठेवलं होतं मी!"

गाडी लागली. पायरीवर धोंडाबाई थांबल्या.

"सैल बांधलीस न्हवं? फळ वाढतंय."

पुढच्या उन्हाळ्यात आरतीनं त्या दुधीचं मूठभर बी माझ्या ओटीत घातलं. धोंडाबाई संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारल्या होत्या.