तिख्याला सभामंडप

हैबतराव : बॅनरवर रणगाडा ठेवू या, बाई. रणगाड्याबिगर युद्ध वाटत नाय.

मालती : हैबतराव, माझी मुलगी रणगाड्यातून आलेली नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बटाट्याची रिकामी पोती पांघरून आली.

हैबतराव : ट्रॅक्टर बघायला कोण मान वर करल? मी सांगतो ते ऐका. मागं धूर, मधी लतिका डॉक्टरच्या कोटात, वर भाऊसाहेबांचा फोटो.

लतिका : भाऊसाहेब केवढे?

हैबतराव : तुझ्यापेक्षा जरा मोठं. तशी पद्धतच हाय, पोरी.

मालती : आणि रोह्याच्या मुलीचा सत्कार पेणला कशासाठी?

हैबतराव : भाऊसाहेबांचे मतदार पेणला, म्हणून. मी मंडळाचा अध्यक्ष, माझ्याकडं फकस्त माणसं जमवायचं काम. आणि भाषण. ते आणलंय लिहून. ऐक गो, लतिका. "मी युक्रेनला डॉक्टरकी शिकत असताना युद्ध पेटलं. भाऊसाहेबांनी रात्रंदिवस फोन लावले आणि मला सुखरूप मायदेशी आणलं."

लतिका : कुणाला लावले फोन?

हैबतराव : ते विचारायचं नसतं.

लतिका : काका, मी घरी आल्यावर भाऊसाहेबांचा फोन आला. तोही सत्काराची तारीख सांगायला. मला वाचवलं हान्ना आजीनं. तिखे गावातल्या.

हैबतराव : तिखे? मिरच्या पिकवतात काय?

लतिका : त्यांच्या भाषेत तिखे म्हणजे शांत. दहा-अकरा घरं, एक विहीर आणि बंद पडलेली शाळा. आम्ही तिघी मैत्रिणी खारकीव्हमधून बसनं निघालो होतो. त्या गावापाशी डिझेल संपलं. ड्रायव्हर डिझेल शोधायला गेला तो परत आलाच नाही. बर्फ पडत होता. पहिलं दिसलं ते दार वाजवलं.

मालती : हे तू मला फोनवर सांगितलंच नव्हतंस. "हॉटेलात आहोत" म्हणाली होतीस.

लतिका : आई, तू शाळेत भूगोल शिकवतेस. नकाशा काढून बसली असतीस.

हैबतराव : बरं, मग म्हातारीनं दार उघडलं. पुढं?

लतिका : आम्हाला आधी बूट काढायला लावले. म्हणाली, बाहेर युद्ध असेल, पण माझी जमीन आजच पुसलीय. मग गरम सूप दिलं आणि घराखालच्या तळघरात नेलं. तिथं बटाटे ठेवतात. आम्ही बटाट्यांशेजारी झोपायचो. आजी मात्र वर. कितीही हाका मारा, खाली यायची नाही. तिची गाय गोठ्यात एकटी घाबरते म्हणून.

मालती : नवरा, मुलं?

लतिका : नवरा वारला. मुलगा कधीच शहरात गेला. तिथं सगळ्यांचंच तसं. शाळेत शेवटची दोन मुलं उरली, तेव्हा शाळा बंद केली. मास्तर बसस्टॉपवर उभे राहून रडले, असं आजी सांगायची.

हैबतराव : हे चांगलं हाय, पण भाषणात नको. लोक घरी जातील.

लतिका : मग तिनं सांगितलेला गावाचा इतिहास घेऊ? तोफांचे आवाज यायचे, तेव्हा आम्ही घाबरू नये म्हणून ती सांगत बसायची. पहिल्यांदा गावाला जमीनदाराचं नाव होतं. मग क्रांती झाली. जमीनदार गेला, पाटी बदलली. नवीन नाव लाल पहाट. त्या लाल पहाटेच्या माणसांनी घराघरांतून धान्य नेलं. बियाणंसुद्धा. आजीच्या आईनं गवताच्या बियांची भाकरी करून खाल्ली. निम्मं गाव त्या हिवाळ्यात गेलं, आणि पाटीवर पहाटच.

मालती : लते, सावकाश.

लतिका : मग जर्मन आले. त्यांनी पाटी काढली आणि गावाला नंबर दिला. जाताना गाव जाळलं. लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर फांद्या आणि माती टाकली आणि त्यात राहिले. आजी तसल्याच एका खड्ड्यात जन्मली. मग पुन्हा लाल पहाट. मग एका मोठ्या पुढाऱ्याचं नाव. पुढे त्या पुढाऱ्याचं नाव घेणं बंद झालं, तशी तीही पाटी उतरवली. देश वेगळा झाला तेव्हा लोकांना विचारलं, तुम्हाला काय नाव हवं? ते म्हणाले, शांत.

हैबतराव : आमच्या समाजमंदिरावर पण तीन नावं चढून उतरली. आतला पंखा मात्र एकदाच बसवला, तो पण फिरत नाय.

लतिका : आजी म्हणायची, सैनिक कुणाचाही असो, आधी विचारतो, तुम्ही कुणाचे? आणि मग विचारतो, अंडी आहेत का?

मालती : आणि तो ट्रॅक्टर कुणाचा?

लतिका : शेजारी पेत्रो म्हणून आहे. पूल पडला होता, म्हणून त्यानं शेतातून ट्रॅक्टर घातला आणि आम्हाला रेल्वे स्टेशनवर सोडलं. निघताना आजी अंगणाच्या फाटकापर्यंत आली. गाय व्यायला झालीय, लांब येता येत नाही, म्हणाली. गेला आठवडाभर पेत्रोचा फोन लागत नाहीये, काका. तिकडे पुन्हा मारा सुरू झालाय. आणि मी रणगाड्यासमोर कोट घालून उभी राहू?

हैबतराव : रणगाडा काढतो. भाषणाचं मात्र बघ. भाऊसाहेबांचं नाव दोनदा तरी आलं पायजे.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. पेणहून रोह्याला परतताना नागोठण्याजवळ चहाला गाडी थांबली आहे.)

हैबतराव : एकदा पण नाव घेतलं नाहीस.

लतिका : विसरले.

हैबतराव : विसरलीस नाय. तू त्या खड्ड्याचं आणि गवताच्या भाकरीचं सांगत बसलीस. मी कोलाडपासून टेम्पो भरून बायका आणल्या, भाऊसाहेबांना टाळ्या वाजवायला. त्या पदर डोळ्याला लावून बसल्या. पुढची ती हौसा तर मधीच उभी ऱ्हाऊन विचारती, "गो, म्हातारीचं काय झालं मग?" असं सत्कारात कुनी विचारतं काय?

मालती : मला वाटतं, आजच्या सत्कारात तेवढाच एक प्रश्न बरा होता.

हैबतराव : तुम्ही बाई, माझ्या जागी बसा एकदा. भाऊसाहेबांचा चेहरा असा झाला होता, की मीच त्यांच्या कानात सांगितलं, "तिख्यासाठी कायतरी बोला."

मालती : आणि ते बोलले.

हैबतराव : व्हय.

मालती : "तिखे गावाला माझ्या निधीतून सभामंडप जाहीर करतो. ग्रामस्थांनी फक्त जागा दाखवावी."

लतिका : आणि टाळ्या पडल्या.

हैबतराव : पडल्या ना. तेवढ्याच पडल्या. आता सांगणार कोण त्यांना, की ते गाव आपल्या जिल्ह्यात नाय? पीएनं तर मला गाडीपाशी गाठलं. विचारतो, तिखे पेण तालुक्यात येतं का रोहा? मी म्हटलं, हद्दीचा वाद हाय.

मालती : तेवढं एक खरं बोललात, हैबतराव.

हैबतराव : हसू नका. उद्या पेपरात येईल. भूमिपूजनाला कुठं नेऊ त्यांना?... तुझा फोन वाजतोय बघ, पोरी.

लतिका : पेत्रो आहे. आई, पेत्रो.

मालती : बोल. बोल आधी. हैबतराव, जरा गप्प बसा.

हैबतराव : मी कुठं काय बोललो? काय म्हणतो तो? असा काय चेहरा केलाय पोरीनं?

मालती : लते?

लतिका : घरावर गोळा पडला. थेट घरावर. तळघर बुजलं.

मालती : अगं...

लतिका : आजी आहे. आजी जिवंत आहे, आई. त्या दिवशी गाय व्यायली, म्हणून ती गोठ्यात होती. गोठा लांब, परसात. वासरू बाहेर येत होतं, तेव्हाच तिकडं घर गेलं. आजीनं वासराचे पाय सोडले नाहीत. टॉवर पडला होता, म्हणून पेत्रोचा फोन लागत नव्हता.

हैबतराव : वासरू कसं हाय?

लतिका : काका विचारतात, वासरू कसं आहे... चांगलं आहे. कालवड आहे. तिघी गोठ्यातच राहतात. गोठ्याचं अर्धं छप्पर उडालंय. वर प्लास्टिक बांधलंय, पण पाऊस आत येतो. कुणीकुणी येऊन फोटो काढून गेले म्हणे.

हैबतराव : फोटो काढणारे तिथं पण हायत काय?

लतिका : थांबा, पेत्रो आजीकडे फोन देतोय. माझा आवाज ऐकायचाय तिला... जेवलीस का विचारते. हो आजी, जेवले. ती म्हणते, आवाजावरून वाटत नाही.

मालती : माझा नमस्कार सांग तिला. सांग, लतिकाची आई म्हणते... राहू दे. नुसता नमस्कार सांग.

लतिका : सांगितला. ती म्हणते, तुमची मुलगी बूट काढायला विसरते, लक्ष ठेवा.

हैबतराव : आणि ते मंडपाचं पण सांग. नाय म्हणजे, जाहीर तर झालाय. तिला जरा हसू येईल.

लतिका : सांगू? तिला मंडप कसा समजावू?... आजी, इथं एका पुढाऱ्यानं तुमच्या गावासाठी मोठी इमारत जाहीर केलीय. गावानं एकत्र बसायची. हो, सगळ्यांसमोर. नाही, अजून नाही बांधली.

हैबतराव : हसली काय?

लतिका : नाही. ती विचारते, छपराचे पत्रे आधी पाठवता येतील का. बाकीचं सावकाश बांधा म्हणते.