आम्ही चौघं गाडीतून उतरलो

मंडळी, उन्हात बसलेत त्यांनी आत सरका. मंडपात जागा आहे.

मला इथं उभं केलं ते विलासचा गुरुजी म्हणून. शहात्तर वर्षांच्या मास्तरानं एकेचाळीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या शोकसभेत बोलायचं, हा क्रमच चुकलाय. हजेरीत माझं नाव आधी होतं. बोलणं जड जातंय. मध्येच थांबलो तर पाणी आणून देऊ नका. माझा मी पुढं जाईन.

माझ्या आधी पाच जण बोलले. मी मान खाली घालून ऐकत होतो. विलास मनमिळाऊ होता. खरं आहे. टोमॅटोचा भाव पडला तरी नारायणगावच्या मार्केटातून हसत घरी यायचा. खरं आहे. कुणाच्याही लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत वाढायला उभा. तेही खरं. मग एक जण म्हणाले, विलास निर्व्यसनी होता. त्या वेळी मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. खोकणारे भाऊ, तुमचे उपकार आहेत. एवढ्या भाषणांत तेवढं एकच खरं बोलणं झालं.

मला जुनं आठवत बसायची खोड आहे, तुम्हाला ठाऊक आहे. या फोटोकडे पाहिलं की मला फोटोतला माणूस दिसत नाही. चौथीचा वर्ग दिसतो. सारवलेली जमीन, खिडकीतून दिसणारा लेण्याद्रीचा डोंगर, आणि चालीवर कविता म्हणणारी चाळीस पोरं. विलासचा आवाज सगळ्यांत वर. पण तो तिसरं कडवं कधी म्हणायचा नाही. दुसऱ्यावरून थेट शेवटच्यावर उडी. मी विचारायचो, "मधलं कुठं गेलं रे?" तर म्हणायचा, "गुरुजी, मधल्यात नुसतं दुःख हाये. शेवट ग्वाड हाये." वर्ग हसायचा. मीही हसायचो. हातात छडी असून हसायचो.

आज तुम्ही सगळ्यांनी तेच केलंत. जन्म सांगितला, शेती सांगितली, आणि एकदम "काळानं घाला घातला" यावर उडी मारली. मधलं कडवं मी म्हणतो. सुनंदा, पोरी, तू पुढंच बसली आहेस. तुला हे ऐकवणं क्रूर आहे. ते कळूनच मी बोलतोय.

त्या दिवशी सकाळी विलासच्या गाडीत आम्ही पाच जण होतो. विलास. शेजारी त्याची बायको सुनंदा. मागं त्यांची सात वर्षांची आरू, त्याचा मित्र पोपट, आणि खिडकीशी मी. विलासच्या सासुरवाडीची जत्रा. घोडेगावच्या वरच्या अंगाला गाव आहे. मला बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट बघायचा होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता, तो पुन्हा एकदा पाहावा म्हणून विलास मला घेऊन गेला. वाटेत मी आरूला कविता शिकवत होतो. इतकी सुंदर सकाळ मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

दुपारी जेवणं झाली. जेवणाआधी मांडवाच्या मागं बाकीचं झालं. सुनंदाचा भाऊ दत्ता पेला घेऊन आला. विलास म्हणाला, "दत्ता, नको. गाडी हाकायचीय मला."

मंडळी, हे नीट ऐका. तो नको म्हणाला.

दत्ता म्हणाला, "दाजी, जत्रंला येऊन कोरडं जायचं? आमचं नाव घालवता का राव?"

विलास पुन्हा नको म्हणाला. तेव्हा एक पाव्हणा बोलला, "घाटात बैलं हाकणारी मानसं काय च्या पिऊन हाकत्यात व्हय?" सगळा मांडव हसला. "दाजी बायकोला भेत्यात," असंही कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसले. मीही हसलो. मी थेंब घेत नाही, पण हसायला काय जातंय?

तिसऱ्यांदा विलासनं पेला घेतला. मग किती घेतले ते मी मोजले नाहीत. दत्ता, तूही मोजले नाहीस. पाव्हण्याला कोरडं पाठवायचं नाही, ही आपली रीत. किती ओलं करून पाठवायचं, याला रीत नाही.

चार वाजता निघायची वेळ झाली. उजेड लख्ख होता. आता कोण काय बोललं ते सांगतो, शब्दाला शब्द.

आरूची आजी आली, पोरीला गाडीतून उचललं आणि म्हणाली, "आरू ऱ्हाऊ द्या दोन दिस. सुट्टीच हाये."

सुनंदानं विलासच्या डोळ्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आईचं गुडघं लई दुखत्यात. मी पन ऱ्हाते."

पोपट म्हणाला, "इलास, तू हो म्होरं. मला अजून एक बारी बघायचीय."

आणि मी? मराठीचा मास्तर. शब्द शोधण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मी म्हणालो, "मला जरा पाय मोकळे करायचेत. मी मागनं जीपनं येतो."

बघा, कशी एकेक करून गाडी रिकामी झाली. आजीनं नात उतरवली. सुनंदा स्वतः उतरली. पोपट उतरला. मी उतरलो. गुडघे कुणाचेच दुखत नव्हते. शर्यतीची शेवटची बारी मघाशीच पळून झाली होती. आणि माझे पाय दिवसभर मोकळेच होते. आम्हा चौघांना ठाऊक होतं, ही गाडी बसण्यासारखी नाही. बसण्यासारखी नाही हे कळलं, पण सुटण्यासारखी नाही हे तोंडातून निघालं नाही. आपापलं माणूस काढून घेतलं आणि त्याला मोकळ्या गाडीत घालून दिलं.

का? तर त्याला वाईट वाटेल. जत्रेच्या दिवशी जावयाचा पाणउतारा होईल. चार पाव्हण्यांत शोभणार नाही. आज शोभतंय का हे?

अजून आहे. विलासला चावी सापडेना. खिसे चाचपत होता. अर्धा मांडव त्याच्याबरोबर शोधायला लागला. सापडली नसती तर? अर्धा तास, एक तास गेला असता. खाटेवर आडवा झाला असता, घोरला असता, दिवेलागणीला चहा पिऊन निघाला असता. पण हरवलेलं शोधून द्यायची सवय मास्तराला. पानसुपारीच्या ताटाखाली मला चावी दिसली. मी उचलली. मी त्याच्या हातात दिली.

"गुरुजी, तुमी व्हता म्हनून," असं म्हणून तो माझ्या पाया पडला. वाकताना झोक गेला. मी कोपर धरून त्याला सावरलं, आणि आशीर्वाद दिला, "शंभर वर्षांचा हो."

वीस मिनिटं जगला.

इथवर विलासचं झालं. आता जिचं नाव या मंडपात एकदाही निघालं नाही, तिच्याबद्दल. तिचं नाव चिमाबाई. तळेघरच्या वरच्या वाडीची. हिरड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन विकायला खाली येत होती. यष्टी आली नाही म्हणून चालत होती. तिकडं यष्टी येते तेव्हाच नवल. विलासची गाडी तिला उडवून वडाच्या झाडावर गेली. मी पाठोपाठच्या जीपमध्ये होतो. डांबरावर हिरडे पसरले होते, आणि आमच्या जीपचा ड्रायव्हर म्हणत होता, "आदी बाईला बघा, तिचा श्वास चालतोय." दवाखान्यात तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. ज्या मुलखात चालल्याशिवाय चूल पेटत नाही, त्या मुलखातली बाई आहे ती. तिला उतरवून घ्यायला तिथं तिचं कुणी नव्हतं. ती आपल्या गाडीत बसलेलीच नव्हती.

आणि गेले दहा दिवस या गावात काय चाललंय? पारावर, दूध डेअरीवर, मोबाईलवर एकच वाक्य. "बाई अचानक आडवी आली."

काल संध्याकाळी माझ्या घरी पोलिसांत द्यायचा एक कागद आला. टाईप केलेला. विलास पूर्ण शुद्धीत होता, मद्य घेतलेलं नव्हतं, बाई अचानक आडवी आली. खाली माझ्या सहीला जागा. "गुरुजी, तुमच्या सहीला वजन हाये," असं आणणारे म्हणाले. वर पोपटरावांची सही आधीच झालेली. पोपटराव, तुम्ही तर बारी बघत होता ना? घाटावरून पाच मैलांवरचा वड दिसला तुम्हाला?

काय म्हणालात? मेल्या माणसामागं असं बोलू नये? बसा. मेल्या माणसामागं बोलू नये, आणि जित्या बाईमागं खोटं बोलावं? बसा पोपटराव, माझं व्हायचंय.

मी दवाखान्यात जाऊन आलो. चिमाबाईनं मला ओळख विचारली. मी सांगितलं, ज्यानं उडवलं त्याचा मास्तर. ती म्हणाली, "गुर्जी, मी कडंकडंनं चालले व्हते. पांढऱ्या पट्ट्याच्या पल्याड. तुमची मानसं म्हंत्यात आडवी आली. तवा न्हाई आले. आडवी हाये ती आत्ता." आणि हसली. मंडळी, त्या हसण्यापुढं मला एकही ओळ आठवली नाही. आयुष्यभर पाठ केलेलं सगळं कुचकामी ठरलं.

येत्या शुक्रवारी या गावात हळद आहे. नवरदेवाचे वडील इथंच बसलेत, मला पत्रिका आलीय. मी येणार आहे. ज्यानं एकदा नको म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारू नका, एवढं करा. आणि ज्यानं घेतली, त्याची चावी मागा. गोड बोलून मागा, भांडून मागा, नाही दिली तर हिसकावून घ्या. तो रुसेल. चार शिव्या देईल. रुसलेला पाव्हणा पुढच्या वर्षी जत्रेला येतो, मंडळी. विलास येणार नाही.

सुनंदा, तुझ्या डोक्यावर हात ठेवायची माझी लायकी उरली नाही. तू गुडघ्याचं निमित्त सांगितलंस म्हणून लोक तुला बोलतील. त्यांना म्हण, चावी मास्तरानं दिली. आरू मोठी झाली आणि विचारायला लागली, तर तिला माझ्याकडं पाठव. मी असलो तर सांगेन. नसलो तर आजचं हे तिला सांगायला या मंडपातल्या एकानं तरी जिवंत राहावं.

उद्या दहा वाजता मी घोडेगावला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जातोय. तो टाईप केलेला कागद मी फाडला. माझा जबाब मी माझ्या हातानं लिहिलाय. त्यात कोण नको म्हणालं, कुणी आग्रह केला, कोण हसलं, चावी कुणी दिली, सगळं आहे. आणि चिमाबाई रस्त्याच्या कडेनं चालत होती, हे तिच्या तोंडचं आहे. जीपचा ड्रायव्हर येतो म्हणालाय. दत्ता, तू मघापासून रडतोयस. रडणं पुरे. आठ वाजता माझ्या दारात ये.

आता उठा सगळे. पायताणं काढा. दोन मिनिटं कुणी कुणाशी बोलू नका, आणि देवाचं नावही घेऊ नका. त्या वेळात ज्याला जे आठवतंय ते नीट आठवा. उद्या विचारतील.

विलास, बाळा, तुझ्याविरुद्ध सही करायला चाललोय. तुझ्या मास्तराचा तुला नमस्कार.