चारचौघांत

—न्हाय आण्णा, वाचमनाशी भांडलो न्हाय मी. त्येचं तरी काय चुकलं? पास न्हाय, बिल्ला न्हाय, धोतरातला म्हातारा गेटावर यितोय आन म्हणतोय आत सोडा — कोण सोडंल? आत निरोप देतो म्हणाला. दिला आसंल. दिला आसंल का? मघाधरनं खुर्चीवरनं हललेला दिसला न्हाय मला. जरा सरका, टेकतो. ह्या थांब्यावरनं गेट दिसतंय. तुमास्नी खानापूरची गाडी पायजे न्हवं? यील, यील. मीबी त्याच रस्त्यानं आलोय, गुंजीसनं. ताटावरनं उठून आलोय, हातबी नीट धुतला न्हाय.

जावई हाय माझा आत. युवराज. भट्टीवर आसतोय — लोखंडाचा रस लाडलीत घ्यायचा आन साच्यात वतायचा, त्ये काम. लाडल म्हंजे मोठी बादलीच समजा, आतनं मातीचा जाड गिलावा दिल्याली. मीबी जलमभर त्येच केलं, ह्याच उद्यमबागेत, पल्याडच्या कारखान्यात. आवाज यितोय न्हवं, घुऽऽ करून? त्यो भट्टीचा. त्यो चालू हाय तवर रस भट्टीत हाय. त्यो थांबला की मग लाडल पुढं घ्यायची. म्हणून तुमच्याशी बोलतोय खरं, पण कान तिकडं हाय माझा. राग मानू नका.

काय झालंय म्हणता? झालं न्हाय वो काय अजून. हुऊ नये म्हणून तर आलोय.

त्येचं आसं हाय — फोनवर आमचा एक गट हाय, ‘ओतकाम मंडळी’. हसू नका, मला लिवता-वाचता यित न्हाय ह्ये खरंच हाय, साळंची पायरी न्हाय चढलो. पण त्या गटावर लिवायचंच न्हाय, बोलायचं. निपाणीच्या आयटीआयच्या सुविधा म्याडम हाईत, तेंनी काढला. तेंची पोरं, आन हितली भट्टीवरची माणसं — ह्या कारखान्याची, त्या कारखान्याची, समदी मिळून दोनशेक माणसं एका जाग्याला. म्हटलं, कामातलं आडलं-नडलं एकमेकाला इचारायचं, दाखवायचं, शिकायचं. पयल्यांदा कोण बोलंना. सकाळ झाली की द्येवाचं फोटू आन फुलं. आपलं चुकल्यालं दुसऱ्या कारखान्याच्या माणसाला कोण सांगतंय? आन भट्टीच्या म्होरं वंगाळ बोलायचं न्हाय, फुटलं-बिटलं म्हणायचं न्हाय, आशी आमची जुनी रीत. मग एक दिस मीच ह्या नडगीचा फोटू काढून घेतला धाकट्या पोरीकडनं आन टाकला. ही बघा. धोतर जरा वर करतो — दिसतंय? मास न्हाय तितं, नुसतं कातडं हाय. वल्या लाडलीनं केलं ह्ये. गिलाव्यात पाणी ऱ्हायलं आन वरनं रस पडला की पाण्याची वाफ हुती, आन ती वाफ रसाला घिऊन भायेर यिती. कुणाकडं बघून न्हाय यित ती. जवळ आसंल त्येच्यावर यिती.

त्ये सांगितलं आन मंडळी बोलाय लागली. एक म्हणाला माझं बोट आसं गेलं, दुसरा म्हणाला माझा साचा आसा बसला. म्याडम म्हणाल्या, आप्पा, आता तुमीच एक नेम घाला. मी म्हटलं — ज्येला चूक दिसंल त्येनं तितल्या तितं, समद्यांम्होरं बोलायचं. लहान-थोर बघायचं न्हाय. कानात सांगितलं तर एकटा शिकतोय, चारचौघांत सांगितलं तर चारचौघं शिकत्यात. टाळ्या वाजवल्या वो सगळ्यांनी, त्या फोनवरच्या टाळ्या. तवाधरनं कुणीबी काय टाकलं की म्हणत्यात, आप्पा काय म्हणत्यात बघू.

आता आज. जेवाय बसलोतो, फोन वाजला. फोरमनच्या फोनवरनं चित्र आल्यालं — हालतं चित्र. समाधान फोरमन. कामगारांचं फोन कपाटात ठेवून घेत्यात, त्या एकट्याला आत चालतोय. चित्रात आमचा युवराज. लाडलीची चोच, रस वतायचं तोंड, फुटली हुती, ती ह्यानं नव्यानं लिंपली, हात फिरवून कशी गुळगुळीत केली त्ये दावतोय. झ्याक बोलतोयबी. शिकला-सवरल्याला हाय. सांजच्याला ह्याच लाडलीनं वतायचं म्हणाला. लगीच आंगठं, फुलं, हात जोडल्यालं — म्याडमनी सुदीक आंगठा दिला. आन मी बघतोय तर चोचीच्या बुडाला काळं. बाकीचं पांढरट, आन तितं हाताच्या पंज्याएवढं काळं. वलं हाय त्ये. वरनं वाळलंय, आत वलं हाय. पुन्ना बघितलं, पुन्ना बघितलं. धाकटीला चष्मा मागितला. काळंच.

व्हय, गटावर टाकाय पायजे हुतं. फोन हाय की खिशात. ह्यो काय.

फोरमनचा नंबर? आसंल. हाय.

भट्टीचा आवाज चालू हाय न्हवं? व्हय, चालू हाय.

आता कसं सांगू तुमास्नी. परवाच अधिक म्हैन्याचं जेवान घातलं जावयाला. पाटावर बसवला, परातीत पाय ठेवाय लावलं, ह्या हातांनी धुतलं. ज्येचं पाय धुतलं त्येला चार दिसांनी दोनशे माणसांत म्हणू, तुझं चुकलं म्हणून? माझ्या सासऱ्यानं मला कधी म्हटलं न्हाय. कुणाचा सासरा म्हणतोय सांगा. आन एकदा ह्यो मार खाऊन बसलोय मी. लगीन झाल्यावर पयल्याच वर्साला, भावकीच्या पंगतीत, ह्येनं मोटारसायकलीचं कायतरी सांगितलं आन मी आपलं सवयीनं बोलून गेलो — तसं न्हाय वो पावणं, आसं आस्तंय. हसली माणसं. त्येच्यात काय हुतं? काय न्हवतं. ह्यो तोंड धुऊन उठला आन गाडीला किक मारून गेला. मंगल, माझी पोरगी, दोन दिवाळ्या म्हायेरला आली न्हाय. आली न्हाय म्हंजे धाडली न्हाय. तिच्या आईनं फराळाचा डबा भरायचा आन पुन्ना रिकामा करायचा.

म्हणून म्हटलं, कानात सांगू. त्येचा फोन लावला, कपाटात वाजत ऱ्हायला आसंल. मग म्हटलं जाऊ, गेटावर बोलवून घिऊ, बाजूला घिऊ, पाठीवर हात ठेवून सांगू — पावणं, चोचीखाली यवडी आग लावा परत. यसटी तरी लवकर याची? लवकर आली न्हाय. त्या यसटीत बसून सगळ्या वाटंनं मी काय केलं सांगू? हात खिशात, फोनवर. त्यो बटान दाबायचा, कानाला धरायचा, आन सोडायचा. दाबायचा आन सोडायचा. शेजारच्या बाईला वाटलं म्हाताऱ्याला फोन येत न्हाय, ती म्हणाली द्या मामा, लावून देऊ का. न्हाय म्हटलं तिला.

तुमी आसं का बघताय माझ्याकडं?

म्हायती हाय मला. एका मिंटाचं काम हुतं, म्हायती हाय. दोनशे माणसांचा नेम मी घातला आन माझ्या घरच्या माणसापाशी — आण्णा, त्येचं न्हाय मला भ्याव वाटलं. रागावंल त्येचं वाटलं. मेला तर त्येचं न्हाय वाटलं, रागावला तर त्येचं वाटलं. ह्ये काय माझं डोस्कं म्हणायचं? ही नडगी रोज बघतो मी. आंघूळ करताना बघतो.

किती वाजलं?

मग सांज झालीच की.

थांबा. जरा गप बसा. ह्यो बटान. ह्योच न्हवं, बोलायचा? दाबून धरतो —

युवराज, मी भावकू बोलतोय, गुंजीसनं. तुमची लाडल वली हाय. चोचीच्या बुडाला काळं दिसतंय, त्ये वाळल्यालं न्हाय. रस घिऊ नका. समाधान फोरमन, ऐकत आसला तर भट्टी थांबवा, तेंच्या हातातली लाडल काढून घ्या. चुकलंय. समद्यांम्होरं सांगतोय, चुकलंय. तेंचंबी, आन दुपारधरनं गप बसलो, माझंबी.

गेलं का? बघा की. गेलं न्हवं? कुणी ऐकलं, त्ये कशात दिसतंय?

आलं कायतरी. वाजतंय. लावा, लावा तुमी — कोण? सुविधा म्याडम. काय म्हणाल्या? “आप्पा, मलाही काळं दिसलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून वाटलं वाळलेलंच असेल.”

पुन्ना लावू नका. ऐकलं मी.

म्हंजे दिसलं हुतं. म्याडमास्नीबी दिसलं हुतं. अजून कितीजणांला दिसलं आसंल? माझ्या तोंडाकडं बघत बसली सगळी, आन मी तोंड मिटून —

आण्णा, आवाज.

आवाज थांबला. भट्टीचा. ऐकताय का? न्हाय न्हवं यित? कुणी थांबवली का वताय घेतली? बोलू नका. बोलू नका तुमी. गेटाकडं बघा, माझ्या डोळ्याला पाणी आलंय, मला दिसत न्हाय. कुणी पळतंय का? वाचमन उठला का?

वाजला. फोन वाजला. समाधानचा नंबर? लावा. न्हाय, थांबा. लावा.

— “मामा, एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती? घरी सांगायचं होतं.”

युवराज. त्येचाच आवाज हाय. फोरमनच्या फोनवरनं बोलतोय. परत लावा. एकदाच. ऐका, कसा फुगलाय. अगदी त्या पंगतीतल्यावानी फुगलाय. हातात फोन हाय, म्हंजे हातात लाडल न्हाय. न्हाय न्हवं?

तुमची गाडी आली बघा. उठा. न्हाय, मला धरू नका, मी बसतो हितंच. त्यो भायेर आला की माझ्याकडं न बघता गाडी काढंल. काढू द्या. जावा तुमी. जावा.