पाय चांगला आहे

– मंग काढा ना मोजे भाऊजी, लाजता काय? पाय दाखवाले काय लाज? दारातच विचारलं ना तुम्ही मले, ‘वहिनी, मलेही साखर निघाली, डॉक्टर म्हणते पाय जपा, तं पाय जपाचे मतलब नेमकं काय कराचं?’ – तं बसा, सांगते. तुमचे दोस्त आत झोपले आहेत, सुई दिली आताच, घंटाभर उठत नाहीत. अन् उठले तरी बाहेर येतील कसे? – हसा ना, हसलं तं चालते, आधी किती हसत होते तुम्ही आमच्या घरी येऊन. त्या खुर्चीवर नका, तिथी त्यायची कुबडी राहते. इकडे या, खिडकीपाशी, उजेडात. हं. दोन्ही पाय वर घ्या.

बाप्पा, काय हे नखं! अशी गोल कापता? कोपऱ्यात ब्लेड घालून? सरळ कापाची, आंघोळ झाल्यावर, नरम असतात तवा. कोपरा खोदला का नख मासात घुसते, अन् साखरवाल्याचं मास एकदा चिघळलं का भरून नाही येत. अन् हे कुरूप कोणं छाटलं? तुम्हीच ना? नका छाटू, हात जोडते. बोटं फाकवा पाहू – पाहा, ओलं आहे मधात. धुता अन् तसेच मोजे चढवता, पुसत नाही. रोज पुसाचं, एकेक बेचकं. तेल टाचेले लावाचं, बेचक्यात नाही. पाणी कोमट घ्याचं, अन् कोमट आहे का नाही ते पायानं नाही पाहाचं, हाताच्या कोपरानं पाहाचं. काहून म्हणता? पायाले समजत नाही म्हणून! हीच तं गोष्ट आहे या बिमारीची, भाऊजी – पाय मुका होते. दिसाले तसाच दिसते, चालते, फिरते, पण भाजलं तं सांगत नाही, कापलं तं सांगत नाही. मी आता तुमच्या अंगठ्याले चिमटा घेतला, समजलं काय? – नाही ना? घेतला होता. नखानं, चांगला जोरानं. हे पाहा, वळ उठला. – अहो, घाबरू नका, बसा. पाणी देऊ?

जोडे कोणते घालता? ते दारातले? चोचदार? – हे पाहा, जोडा घ्याचा तं संध्याकाळी. सकाळी पाय हलका असते, दिवसभर उभं राहून सुजते, सकाळी घेतलेला संध्याकाळी चावते. दोन्ही पायांत घालून, उभं राहून, दुकानात चार पावलं चालून पाहाचं, अन् जो पाय मोठा असन त्याच्या मापाचा घ्याचा. पुढं बोटं हलली पाहिजे. दुकानदार म्हणते ‘साहेब, वापरून ढिला होईल’ – नाही घ्याचा. हे सारं डॉक्टरनं यायले, तुमच्या दोस्ताले, सांगितलं होतं, मी बाजूले उभी होती. पण ऐकते कोण? आमचा सासरा कोष्टी माणूस, जिंदगीभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, पायताण काय असते त्याले माहीत नव्हतं. अन् त्याचा पोरगा गांधीबागेत कापडाचा दलाल झाला, तं त्याले जोड्यांचं असं काही वेड लागलं का विचारू नका. तुम्ही तं सोबतच होते, तुम्हाले काय सांगाचं – टेरिलीनची पँट, अन् खाली जोडा असा चमकला पाहिजे का व्यापाऱ्याले त्यात आपलं तोंड दिसन. डॉक्टर म्हणे रुंद जोडा घाला, तं हे म्हणे, ‘ते होडीसारखे म्हाताऱ्याचे जोडे मी घालत नसतो.’ पोट असं सुटलेलं का वाकून तळवा पाहाता येत नव्हता, अन् नजरही साखरेनं अधू झालेली. मंग डॉक्टरनं मले बोलावलं. म्हणे, ‘बाई, यायच्या पायाचे डोळे आता तुम्ही. रोज संध्याकाळी पाय पाहाचे, रोज सकाळी जोड्यात हात घालून पाहाचं, खडा, खिळा, काही असन तं यायले कळणार नाही, तुम्हाले कळन.’

तं मी पाहत होती. रोज. जोडा पुसणं माहंच काम, नाडी बांधणं माहंच काम, त्यात एक हे.

माह्या पायात? माह्या पायात काय राहणार, भाऊजी! लग्न होऊन आली तं यायची एकच गोष्ट – बाईच्या पायात चप्पल आली का पाय घराबाहेर पडते. नळावर अनवाणी, बाजारात अनवाणी, देवळात तं सारेच अनवाणी. मंग मी ब्लाउज शिवून शिवून एक चप्पल घेतली, साधी, अंगठ्याची. ती चप्पल तुम्ही पाहिली आहे. – आठवत नाही? मले आठवते ना. मे महिना होता. भिवापूरहून मिरचीचा ट्रक आला होता, त्याच्या डायवरनं निरोप आणला का भागीरथाबाईचं काही खरं नाही, पोरीले लवकर पाठवा. भागीरथाबाई म्हणजे माही माय. मी पातळ बदललं, चप्पल घातली, ओसरीवर आली. तुम्ही दोघं पान खात बसले होते. हे म्हणे, ‘कुठी चालली वं?’ म्हटलं, मायची तब्येत बिघडली. तं म्हणे, ‘संध्याकाळी उमरेडचे व्यापारी जेवाले येऊन राहिले, स्वयंपाक तुही माय करन काय?’ म्हटलं, शेजारच्या सखूबाईले सांगितलं आहे, ती करन. तं हे उठले, म्हणे, ‘चप्पल काढ.’ मले वाटलं तुटली-बिटली काय पाहून राहिले. मी काढली. त्यायनं उचलली अन् फेकली छपरावर, कवेलूवर – एक इकडे, एक तिकडे. म्हणे, ‘जा आता, जाऊन दाखव.’ अन् तुम्ही हसले. तुम्ही म्हटलं, ‘वहिनी, आता उडतच जा लागते.’

नाही, नाही, मनात काही नाही माह्या. गमतीनं म्हटलं तुम्ही, मले माहीत नाही काय? पाय नका खाली घेऊ, तळवा पाहाचा राहिला आहे अजून.

तं मी गेली. तशीच. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, दुपार, सडकेचं डांबर असं नरम झालेलं, पाय टेकवला का चिकटे, उचलला का कातडी ओढल्यासारखी होये. झाडाच्या सावलीत थांबाची अन् पुढच्या सावलीपर्यंत पळाची. एक रिक्षावाला म्हणे, बसा बाई, पैसे नका देऊ, तं मले लाज वाटली, मी नाही बसली. बसस्टँडवर पोचली तं तळव्याले फोड, अन् ते फोड गाडीतच फुटले. भिवापूरले उतरली, घरी गेली, तं मायले नेलं होतं. ऊन लय होतं म्हणून लोकायनं थांबवली नाही. माही भावजय मैनाबाई दारात बसली होती, तिनं आधी माह्या पायाकडे पाहिलं अन् मंग रडाले लागली. मायच्या पायावर डोकं ठेवाचं होतं मले, भाऊजी. बाकी काही नव्हतं पाहिजे.

परत आली तं हे खाटेवर बसले होते. म्हणे, ‘पोळले काय पाय?’ अन् आपले पाय पुढं केले. धुवाची वेळ झाली होती ना. मी धुतले. बसता येत नव्हतं मले उकिडवं, तरी धुतले, पुसले, एकेक बेचकं पुसलं.

बरं, ते जाऊ द्या, तुमचं सांगून राहिली होती. जोड्यात हात घालाचा तं नुसता वरवर नाही घालाचा, पार पुढं चोचेपर्यंत, अन् टाचेपाशी बोट दाबून पाहाचं. खिळा टाचेतूनच वर येते. दिसत नाही तो, चामड्याखाली असते, दाबलं का लागते. मले लागला ना! पोळा होऊन गेला होता, सकाळची वेळ, मी जोडा पुसला, हात घातला, दाबलं, तं टोचलं. बोटाले रक्त आलं. मी बोट तोंडात घातलं, तेवढ्यात हे बाहेरून ओरडले, ‘आण ना वं जोडा, मुहूर्त पाहून राहिली काय?’ – अन् मी नेऊन दिला.

– काय? हाव, दिला. म्हणजे... घाई होती ना भाऊजी, विसरली असन मी, माणूस विसरते – नाही. विसरली नाही. जाऊ द्या, निघून गेलं तोंडातून तं गेलं. दिला मी. यायनं पाय घातला, मी नाडी बांधली, वर तोंडाकडे पाहिलं. काहीच नाही. पान चघळत होते. पायऱ्या उतरले, गल्लीतून निघून गेले, ताठ.

संध्याकाळी मोजा काढला तं टाचेले भोक होतं, बारीक, आजूबाजूले रक्त सुकलेलं. यायनं विचारलं, रोज विचारत होते, ‘कसा आहे पाय?’ म्हटलं, चांगला आहे. धुतला, पुसला, तेल लावलं, मोजा वेगळा भिजवला. दुसऱ्या दिवशी जोडा पॉलिश केला, हात घातला, खिळा होता. मी दिला. मंग रोज तसंच. जखम काळी झाली, भोवतालचं मास पांढरं पडलं, म्हटलं, चांगला आहे. दसऱ्याच्या सुमाराले वास सुटला तं हे म्हणे, ‘घरात उंदीर मेला काय?’ मी कपाट सरकवलं, कोठी सरकवली, उंदीर शोधला. नाही दिसत, म्हटलं. मंग ताप भरला, दवाखान्यात नेलं, गुडघ्याखालून कापला. डॉक्टर माह्यावर चिडले, म्हणे, ‘बाई, तुम्ही रोज पाहत होत्या ना?’ म्हटलं, पाहत होती.

असे काय पाहून राहिले माह्याकडे? यायले माहीत आहे. मीच सांगितलं. घरी आणल्यावर एक दिवस दाढी करून देत होती, वस्तरा गळ्यापाशी होता, तवा सांगितलं सारं, खिळ्यापासून. म्हटलं, हलू नका, कापन. नाही हलले. मंग जया आली पारशिवनीहून, आमची पोरगी, तिले सांगितलं यायनं रडत रडत. ती मले म्हणे, ‘माय, बाबा भ्रमिष्टावानी बोलून राहिले, तू मनाले लावून घेऊ नको, किती करतं तू त्यायचं.’

अन् करतेच ना मी. सुई मी देते, भाकर मी मोजून देते, हगणं-मुतणं मी काढते. हाताले इतकी सवय आहे का कधी कधी जो पाय नाही तिथीही पाणी ओतते अन् मंग खाली ओली चादर पाहून समजते. दुसरा पाय रोज संध्याकाळी मांडीवर घेते, उजेडाकडे करते, तळवा पाहते. यायले दिसत नाही, वाकता येत नाही, समजत तं नाहीच. विचारतात, आवाज असा बारीक होते, ‘कसा आहे?’ मी म्हणते, चांगला आहे. मंग माह्या तोंडाकडे पाहत राहतात – बराच वेळ पाहतात, भाऊजी. लहान पोट्टं पाहते तसे. अन् पुन्हा विचारतात. मी पुन्हा तेच सांगते.

– खरंच कसा आहे? तुम्हाले कशाले पाहिजे ते?

उठले? अन् मोजा उलटा घातला तुम्ही, भाऊजी. चहा तं ठेवते ना... नाही? भेटूनही नाही जात? बरं. प्रेमलतावहिनीले पाठवून द्या मंग एखाद्या दुपारी. तुम्ही तिले माहेरी पाठवत नाही म्हणते ना, इथी तं पाठवा, जवळच आहे. तुमचे पाय आता तिलेच पाहा लागणार. मी शिकवते तिले सारं.

जा. अन् दार ओढून घ्या जाता जाता. माशा येतात.