तीन बटणं, एक हात

नाही, पण मी म्हणते, एक काम करायला तीन बटणं कशाला हो? आणि तीही एकदम दाबायची, पेटीवर सूर धरल्यासारखी! दिवा लावायला दाबतो का आपण तीन बटणं? पण तुम्हाला सांगते, ते कॉम्प्युटरचं प्रकरण गळ्यात पडलं तेव्हा घाबरायचं सोडून मला वाटलं, बघू तरी काय होतंय!

झालं असं, इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात गेली एकवीस वर्षं माझी जागा ठरलेली... चहाच्या थर्मासमागे. नाटकं झाली, गाणी झाली, मी सगळी ऐकली, पाहिलं एकही नाही! यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि कॉम्प्युटर सांभाळणारा श्रीरंग कामासाठी गेला टेक्सासला. आता मुलांच्या नाटकात मागे भिंतीवर जंगल कोण दाखवणार, गाणं कोण लावणार? सगळे एकमेकांकडे बघतायत आणि माझा हात वर! कधी गेला, मलाच कळलं नाही. आमच्या अध्यक्ष पद्मिनीताई म्हणतात कशा, "अगं शरयू, तुला जमेल ना? नाहीतर आपला चहा बरा..." आपला चहा बरा! म्हणजे बघा! यात चुकले असते ना, तर जन्मभर थर्मासच होता.

आणि तालमीत तो माउस! बाण इकडे नेला की तिकडे पळतोय. मी जंगल शोधेपर्यंत आमचा सिंह, म्हणजे आठ वर्षांचा देव, डरकाळ्या फोडून फोडून दमला आणि खाली बसला. "काकू, आर यू डन?"

मंडळाच्या कॉम्प्युटरचं ते धूड घरीच आणलं आणि शिकागोला लेकीला फोन लावला. रुही म्हणाली, "आई, इट्स सो इझी! आयकॉनवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज उघड, शॉर्टकट कीच्या चौकोनात एक अक्षर दे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि ते अक्षर एकदम दाबलंस की प्रोग्रॅम हजर." मी आपली इमानदारीत 'गाणी' लिहायला बसले. जी दाबला, चौकोनात आलं कंट्रोल ऑल्ट जी. ए दाबला, जी गेला! एन दाबला, ए गेला! काय हो हे, एका वेळी एकच पाहुणा? शेवटी गाण्याला जी, जंगलाच्या सीनला एस, व्हिडिओला व्ही. सगळी डाव्या हाताच्या टप्प्यात. आमचे हे, सुमंत, गाड्यांचे सीट-बेल्ट बनवतात, ते मागून म्हणतात, "माउसने उघड ना सरळ." म्हटलं, तुम्ही पट्टा बांधून बसा. बघू तरी काय होतंय! आणि दाबलं... अहो, गाणं सुरू! वीस वेळा उघडलं, वीस वेळा बंद केलं. इतका वेळ बसून असतं कुठं हो ते? हाक मारली की येतं, हे त्याला सांगतं कोण?

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात प्रोजेक्टर जोडला आणि बघते तर काय! कॉम्प्युटरचा सगळा पसारा भिंतीवर! भोंडला २०१४, पोळ्यांची यादी, आणि तळ्याकाठी उघडेबंब बसलेले कुणाचे तरी काका! दोनशे माणसं येणार आणि घर असं? तुम्ही ठेवलं असतं? बरं, बटणं आहेत ना आता, मग ही आयकॉनची चित्रं कशाला? सगळी एकदम निवडली आणि टाकली कचऱ्यात. भिंत कशी लख्ख!

अंधार झाला. देव आयाळ सावरत आला. मी कंट्रोल, ऑल्ट, एस... काही नाही. पुन्हा. जोरात. काही नाही! देवने डरकाळी फोडली आणि माझ्याकडे बघितलं. दुसरी फोडली, पुन्हा बघितलं. पद्मिनीताई पहिल्या रांगेतून, "तरी मी म्हणत होते..." मी टेबलाखाली वाकून फोन लावला. रुही ओरडली, "आई! यू डिलीटेड द आयकॉन्स? ते डेस्कटॉपवर असले तरच बटणं चालतात! रिसायकल बिन उघड, रिस्टोर कर!"

म्हणजे दोनशे लोकांसमोर, अख्ख्या भिंतीवर, मी कचऱ्याची पेटी उपसतेय! भोंडला वर आला, पोळ्या वर आल्या, उघडे काका वर आले... हॉलभर हशा! आणि मागून लोक, "काकू, जरा खाली! नाही नाही, डावीकडे!" मिळालं एकदाचं. तिन्ही बटणांवर पुन्हा बोटं ठेवली आणि म्हटलं, बघू तरी काय होतंय!

जंगल! अहो, हिरवंगार जंगल! "फायनली!" म्हणाला देव, आणि मग आपल्या त्या अमेरिकन मराठीत, "मी... जांगलाचा... राजा!" आणि तुम्हाला सांगते, पहिल्यापासून शेवटपर्यंत नाटक पाहिलं मी. समोरून. बसून. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

नंतर पद्मिनीताईंनी मिठीच मारली. "शरयू, पुढच्या वर्षीही कॉम्प्युटर तुझाच!" माझे डोळे भरून आले हो. तेवढ्यात माझा हात हातात घेऊन म्हणतात, "पण यंदाचा चहा कुणाच्या घशाखाली उतरला नाही बघ. आणि काय गं, तुझी ती तिन्ही बटणं डाव्याच हाताने दाबतेस ना? मग कॉम्प्युटरचं टेबल थर्मासशेजारीच मांडू. तुझा उजवा हात मोकळाच असतो."

म्हटलं, मांडा... बघू तरी काय होतंय!